घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणारी मुले : मदत करणाऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न शिक्षक, पालक, अभ्यासिका चालवणारे कार्यकर्ते आणि खुद्द विद्यार्थी यांच्याकडून सतत येत असतात. उत्तरे महाराष्ट्रापुरती आहेत. योजनांच्या अटी शासन निर्णयाने बदलतात, म्हणून अर्ज भरताना त्या वर्षीची माहितीपुस्तिका शेजारी उघडी ठेवा.

१. आधार द्यायचा म्हणजे नेमके काय करायचे? शिकवण्या घ्यायच्या का?

शिकवणी हा त्यातला एक भाग, आणि खरे तर सर्वात सोपा. ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेज पाहिलेले नाही अशी मुले चार ठिकाणी गळतात: दहावीनंतर शाखा निवडताना, अकरावीत पुस्तकाची भाषा बदलते तेव्हा, प्रवेशाच्या आठवड्यात एखादा दाखला कमी पडतो तेव्हा, आणि कॉलेजच्या पहिल्या सत्रात. यातली निदान दोन ठिकाणे अशी आहेत की तिथे गुणांचा काही संबंधच नसतो. म्हणून अभ्यास, कागदपत्रे, पैसा आणि सोबत या चारही गोष्टी एकाच माणसाच्या नजरेखाली हव्यात. शिकवणारा एक, दाखल्यांचे पाहणारा दुसरा, आणि मुलाच्या घरी काय चालले आहे हे दोघांनाही माहीत नाही, अशी विभागणी फार ठिकाणी दिसते. मूल नेमके त्या फटीतून सुटते.

२. कितवीपासून सुरुवात करावी? बारावीची मुले घेतली तर चालेल का?

चालेल, पण तेव्हा फक्त आग विझवणे होते. आठवीपासून सुरुवात करण्याला एक ठोस कारण आहे: राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, म्हणजे एनएमएमएस, आठवीतच देता येते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतली मुले पात्र असतात. सातवीत ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के) आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न ३.५ लाखांच्या आत हवे. बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय असे ९०-९० प्रश्नांचे दोन पेपर असतात. निवड झाली की नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये, एकूण ४८,०००. त्यासाठी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर दर वर्षी नूतनीकरण करावे लागते आणि पुढे चालू राहण्यासाठी दहावीला ६० टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५५) लागतात. नूतनीकरण विसरल्याने पैसे बंद होणे ही नेहमीची रड आहे. मूल शाळा बदलून कनिष्ठ महाविद्यालयात गेले की जुनी शाळा म्हणते ‘आता आमच्याकडे नाही’ आणि नवीन कॉलेजला ही योजनाच माहीत नसते.

नववीत दाखल्यांची तपासणी (प्रश्न ८), दहावीत शाखेची निवड (प्रश्न ६), अकरावीत जात पडताळणीचा अर्ज (प्रश्न ९), बारावीत प्रवेश परीक्षा आणि अर्ज, आणि त्यानंतर पहिल्या वर्षाची सोबत (प्रश्न १९) असा क्रम धरा.

३. एका मार्गदर्शकाकडे किती मुले द्यावीत?

आठ ते दहा. पंधराच्या पुढे गेले की मार्गदर्शकाला मुलाचे नाव आठवते, पण त्याचे उत्पन्नाचे प्रमाणपत्र कधी संपते हे आठवत नाही. प्रत्येक मुलाची एक साधी फाइल करा. पहिल्या पानावर आधारवरचे नाव, दाखल्यावरचे नाव, बँक खाते, प्रत्येक प्रमाणपत्राची मुदत आणि घरातल्या निर्णय घेणाऱ्या माणसाचा फोन नंबर लिहा. तो माणूस प्रत्येक वेळी वडीलच असतो असे नाही. कधी मामा असतो, कधी मोठी बहीण.

४. दहावीला ७५ टक्के आहेत, पण अकरावीचे गणित काहीच कळत नाही. असे का होते?

कारण ७५ टक्के हा सगळ्या विषयांचा आकडा आहे आणि अकरावीचे गणित सहावी-सातवीच्या पायावर उभे असते. आधी चाळीस मिनिटांची, वीस उदाहरणांची तपासणी घ्या: अपूर्णांक, ऋण संख्या, गुणोत्तर, घातांक, एकचल समीकरण, आलेख वाचणे. चूक कुठे आहे यापेक्षा ती कशी झाली ते पाहा. १/२ + १/३ याचे उत्तर २/५ लिहिणारे मूल निष्काळजी नसते. वरच्याची बेरीज वर, खालच्याची खाली, असा नियम त्याने स्वतःच बसवलेला असतो. त्याला भाकरीचा अर्धा तुकडा आणि तिसरा तुकडा शेजारी ठेवून दाखवले, मिळून अर्ध्याहून जास्त होतात आणि २/५ तर अर्ध्याहूनही कमी, हे दिसले, की तो नियम त्याचा तोच मोडतो. –३ – ५ = ८ हीसुद्धा अशीच चूक: ‘ऋण ऋण धन’ हे गुणाकाराचे पाठांतर वजाबाकीत शिरलेले असते.

या दुरुस्तीला रोज एक तास दिला तर सहा ते आठ आठवडे पुरतात. दहावीची परीक्षा ते अकरावीचे वर्ग या मधल्या सुट्टीत ती उरकून घ्या. वर्ग सुरू झाल्यावर वेळ मिळत नाही.

५. मराठी माध्यमातून आलो, अकरावी सायन्सला सगळे इंग्रजीत. पहिल्या महिन्यातच सोडून द्यावेसे वाटते. काय करू?

सोडू नका. तुम्हाला विज्ञान येत नाही असे नाही, त्याची नावे तेवढी बदलली आहेत. संवेग तुम्हाला येतो, वर्गात त्याला मोमेंटम म्हणतात. त्वरण म्हणजे अ‍ॅक्सिलरेशन, विस्थापन म्हणजे डिस्प्लेसमेंट, आम्लारी म्हणजे बेस, अल्क म्हणजे अल्कली, संच म्हणजे सेट. ‘चाल’ आणि ‘वेग’ यांतला फरक मराठी माध्यमाच्या मुलांना नववीपासून पक्का माहीत असतो. स्पीड आणि व्हेलॉसिटी ऐकताना मात्र तीच मुले गोंधळतात.

उपाय असा: दोनशे पानी वहीचे प्रत्येक पान उभे तीन भागांत आखा. पहिल्या रकान्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात नववी-दहावीच्या पुस्तकातला मराठी शब्द, तिसऱ्यात तो शब्द वापरून इंग्रजीत एक छोटे वाक्य. रोज दहाच शब्द. तिसरा रकाना टाळू नका, कारण परीक्षेत शब्द सुटा येत नाही, वाक्यात येतो. दिवसाला दहा म्हटले तरी तीन महिन्यांत नऊशे शब्द होतात, आणि भौतिक, रसायन, जीव आणि गणित मिळून सुरुवातीला तेवढे पुरतात. दहावीची पाठ्यपुस्तके दोन्ही माध्यमांत ई-बालभारतीवर मोफत मिळतात. एकच धडा दोन्ही भाषांत शेजारी ठेवून वाचणे हा सर्वात चांगला सराव आहे, कारण आशय आधीच ठाऊक असतो.

शिकवणाऱ्यांसाठी एक सूचना. संकल्पना मराठीत समजावा, पण फळ्यावर संज्ञा इंग्रजीत लिहा आणि उत्तर मुलांकडून इंग्रजीत लिहून घ्या. सगळे मराठीत समजावून सोडून दिले तर मूल खुश होते आणि चाचणीत कोरा पेपर देते.

प्रवेश परीक्षांत भाषेची थोडी सवलत आहे. नीट (वैद्यकीय) आणि जेईई मेन (इंजिनीअरिंग) या देशपातळीवरच्या परीक्षा मराठीतूनही देता येतात. राज्याच्या एमएचटी-सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मराठीत उपलब्ध असते, गणित मात्र फक्त इंग्रजीत. भाषा अर्ज भरतानाच निवडावी लागते.

६. हुशार आहे म्हणून सायन्सच घ्यावे का? डिप्लोमा कमी दर्जाचा असतो का?

दोन्हींचे उत्तर ‘नाही’. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा केला तर थेट इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि मधे कुठे थांबावे लागले तरी हातात नोकरीला उपयोगी असे काहीतरी असते. बारावी सायन्स करून थांबलेल्याच्या हाती तसे काही नसते. ज्या घराला पाच-सहा वर्षे कमाईविना मूल शिकवणे जड जाणार आहे, तिथे हा विचार आधी करावा. डॉक्टर, फार्मसी, कृषी किंवा मूलभूत विज्ञानाकडे ओढा असेल तर मात्र अकरावी सायन्सच. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवले तर वाटा जास्त खुल्या राहतात, पण गणिताचा पाया (प्रश्न ४) कच्चा असताना दोन्हींचा भार घेऊ नये.

७. अकरावीचा प्रवेश आता गावातल्या कॉलेजातही ऑनलाइनच का?

होय. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश संपूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतो. अडचण येते ती मोबाइल नंबरची. सायबर कॅफेवाल्याने स्वतःचा नंबर टाकला की ओटीपी आणि फेरीचे संदेश त्याच्याकडे जातात आणि मुलाला प्रवेश लागला हे कळेपर्यंत मुदत संपते. नंबर घरातला, आणि पुढची पाच वर्षे चालू राहील असा द्या. लॉगिन आणि पासवर्ड फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

८. कोणती कागदपत्रे कधी काढायची?

जात प्रमाणपत्र प्रांताधिकारी देतात, उत्पन्नाचे तहसीलदार. अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात होतो. वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे बोलीतले डोमिसाइल, एकदाच काढायचे असते, ते नववी-दहावीतच काढून ठेवा. नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे घर उत्पन्नाच्या ठरलेल्या मर्यादेत असल्याचे प्रमाणपत्र, ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला लागते, अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र खुल्या प्रवर्गासाठी आणि एकाच वर्षापुरते.

सर्वात जास्त घोळ मुदतीत होतो. नॉन-क्रीमीलेअर ज्या शैक्षणिक वर्षासाठी प्रवेश घ्यायचा त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागते. म्हणजे २०२६-२७ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७ पर्यंत. घरात प्रमाणपत्र ‘आहे’, पण ते मागच्या मार्चला संपलेले असते. त्यामुळे उत्पन्न आणि नॉन-क्रीमीलेअर यांचे काम एप्रिल सुरू होताच हाती घ्या. निकाल लागले की तहसीलमध्ये रांगा लागतात. प्रमाणपत्राला १५ ते ४५ दिवस धरून चाला. वेळेत मिळाले नाही तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करता येते. त्यासाठी अर्जाची पोचपावती लागते, ती जपा.

या प्रमाणपत्रांच्या प्रतिज्ञापत्रासाठी शंभर किंवा पाचशेचा मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर चालते. कोणी मागितला तर शासनाने शुल्क माफ केले आहे हे नम्रपणे सांगा. रोजंदारीवरच्या घराला पाचशे रुपये म्हणजे एका दिवसाची मजुरी असते.

९. जात प्रमाणपत्र आहे, मग पडताळणी वेगळी कशाला? आणि आजोबांचा कागदच नाही, तर?

प्रमाणपत्र प्रांत देतात, ते खरे असल्याची खात्री जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती करते. अनुसूचित जमातींसाठी समित्या वेगळ्या आहेत. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी हे वैधता प्रमाणपत्र लागते. अर्ज अकरावीत किंवा बारावीच्या सुरुवातीलाच, कॉलेजच्या पत्रासह करा. प्रवेशाच्या वेळी नुसती पावती चालेल का, हे त्या वर्षीच्या नियमांवर ठरते. त्या भरवशावर राहू नका.

पुरावा एका ठरावीक तारखेच्या आधीचा लागतो: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा शाळेतच गेले नसतील तर शोध इथे घ्या: तहसीलच्या अभिलेख कक्षातील कोतवाल बुक, म्हणजे जुनी जन्म-मृत्यू नोंद, जुना सातबारा आणि फेरफार, चुलत आजोबांच्या शाळेचे रजिस्टर. शाळा बंद पडली असेल तर रजिस्टर कुठे हलवले ते पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा. वडिलांकडच्या एखाद्या रक्ताच्या नातेवाइकाला आधीच वैधता मिळालेली असेल तर निम्मे काम झाले. त्याची प्रत आणि त्याच्याशी नाते दाखवणारी वंशावळ शपथपत्रावर जोडा.

वंशावळीत लोक एक चूक हमखास करतात: घरातले हाक मारायचे नाव लिहितात. कागदावर ‘बाबू’ आणि वंशावळीत ‘बाबूराव’ असेल तर दोन्ही लिहा, ‘बाबू ऊर्फ बाबूराव’. समितीचे समाधान झाले नाही तर प्रकरण दक्षता पथकाकडे जाते, ते घरी येऊन चौकशी करतात. घाबरण्याचे कारण नाही. मात्र घरातल्या जाणत्या माणसाने त्या दिवशी घरी असावे.

१०. दाखल्यावर ‘सुनिल’, आधारवर ‘सुनील’, बँकेत आडनाव आधी. फरक पडतो का?

माणसाला पडत नाही, संगणकाला पडतो. मूळ कागद मानायचा तो दहावीचा दाखला, बाकी सगळे त्याच्याशी जुळवायचे. म्हणून शाळेच्या रजिस्टरमधली चूक मूल शाळेत असतानाच, दहावीचा बोर्डाचा अर्ज जाण्याआधी मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्त करा. शाळा सुटल्यावर तीच दुरुस्ती फार अवघड होते. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा घाईने काही बदलू नका. नाव मुळातच वेगळे असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा लागतो.

११. कॉलेज म्हणते आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. हे बरोबर आहे का?

केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या आणि शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्यांकडून शासन भरणार असलेली फी आगाऊ घेऊ नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. कॉलेजला लेखी अर्ज द्या, सोबत प्रवेशपत्र आणि उत्पन्न व जातीची प्रमाणपत्रे जोडा आणि पोच घ्या. ऐकले नाही तर समाजकल्याण सहायक आयुक्त किंवा तंत्रशिक्षण सहसंचालक कार्यालयात तीच पोच दाखवा. तोंडी वादाने काही होत नाही.

कोणाला किती मिळते ते थोडक्यात. अनुसूचित जाती-जमाती, उत्पन्न २.५ लाखांपर्यंत: भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, म्हणजे फी आणि निर्वाह भत्ता. अनुसूचित जातीच्या घराचे उत्पन्न त्याच्या वर असेल तर फ्रीशिप, त्यात शिक्षण व परीक्षा शुल्क मिळते, भत्ता नाही. विमुक्त-भटके व विशेष मागास प्रवर्गाला पूर्ण, तर ओबीसी मुलांना निम्मी शिक्षण फी. खुल्या प्रवर्गातल्या ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत निम्मी फी, तीही घरातल्या दोनच अपत्यांना. सगळे अर्ज महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, दर वर्षी नव्याने. मुलींचे वेगळे आहे, प्रश्न १२ पाहा.

एक इशारा. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीतला केंद्राचा हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी त्याने लगेच कॉलेजात भरायची असते. हे घरी समजावून सांगितलेले नसेल तर ते पैसे बी-बियाण्यात किंवा दवाखान्यात जातात आणि पुढच्या वर्षी कॉलेज थकबाकी काढते. पैसे येण्याआधीच पालकांशी बोला.

१२. मुलींना फी माफ झाली म्हणतात. मग आता काहीच भरायचे नाही का?

शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, बाकी नाही. २०२४-२५ पासून लागू झालेली ही सवलत ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींसाठी आहे. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवे आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोटा, संस्था स्तरावरचा प्रवेश, अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यांना ती लागू नाही. अनेक मुली गावाजवळ मिळाले म्हणून संस्था स्तरावर प्रवेश घेतात आणि सवलत गमावतात. विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, खानावळ, बस यांचा हिशेब आधीच मांडा. आणि माफी आपोआप मिळत नाही, महाडीबीटीवर अर्ज करावाच लागतो.

१३. अर्ज मंजूर दिसतो, पण खात्यात पैसे नाहीत. कुठे अडकले?

दहातले बरेचसे अर्ज एकाच ठिकाणी अडकलेले असतात. आधार बँकेला ‘लिंक’ असणे आणि खाते एनपीसीआय या बँकांमधली देवघेव सांभाळणाऱ्या संस्थेच्या यादीत ‘सीड’, म्हणजे शासनाचे पैसे घेण्यासाठी नोंदलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत आधारची प्रत दिली की लिंक होते, ओळख पटवण्यापुरते. शासनाचा पैसा मात्र खाते क्रमांक पाहून नाही, आधार क्रमांक पाहून जातो, आणि ज्या खात्याचे सीडिंग सर्वात शेवटी झाले त्यात पडतो. मुलाने मध्येच नवे पेमेंट बँकेचे खाते उघडले असेल तर पैसे तिकडे जातात आणि घरचे जुन्या खात्याचे पासबुक पुन:पुन्हा छापून पाहत बसतात.

काम असे करा. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहा, तिथे बँकेचे नाव दिसते. हवी ती बँक नसेल तर हव्या बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी (थेट खात्यात येणाऱ्या शासकीय पैशासाठी) आधार सीडिंग’ असे शब्द लिहिलेला संमतीचा अर्ज द्या. नुसते ‘आधार जोडा’ म्हणू नका. आठवड्याने स्थिती पुन्हा पाहा. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय होते, तेही तपासा.

सीडिंग ठीक असेल तर अर्जाची पातळी पाहा. तो आधी कॉलेजच्या आणि मग विभागाच्या लॉगिनला जातो. ‘सेंड बॅक’ झाला असेल तर कारण वाचून ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करावा लागतो. बरेचदा कारण एवढेच असते की स्कॅन वाचता येत नाही.

१४. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही. आता शहरात राहायचे कसे?

राहण्याची सोय हा अर्धा प्रवेश आहे. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात जातवार वसतिगृहे उघडली, ती हे ओळखूनच. वसतिगृहाचा अर्ज प्रवेश निश्चित होताच करा आणि नाकारल्याची नोंद ठेवा, कारण पुढची योजना त्यावर अवलंबून असते.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत भोजन ३२,०००, निवास २०,००० आणि निर्वाह ८,००० असे वर्षाला ६०,००० रुपये. इतर महापालिका क्षेत्रांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. उत्पन्न मर्यादा २.५ लाख, हजेरी ७५ टक्के. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आणि आर्थिक दुर्बल घटकातील शेतकरी-मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे.

अडचण अशी की पैसे महिन्यामहिन्याने येत नाहीत, हप्त्यांनी आणि उशिरा येतात. खोलीचे भाडे मात्र एक तारखेला द्यावे लागते. म्हणून पहिल्या चार-पाच महिन्यांचा खर्च हातात धरूनच मुलाला शहरात पाठवा. मदत करणाऱ्या गटाजवळ दोन पैसे असतील तर ते बक्षीस समारंभावर खर्च करण्याऐवजी या मधल्या महिन्यांच्या बिनव्याजी उसनवारीसाठी राखून ठेवा. बऱ्याच विद्यापीठांत कमवा आणि शिका योजना आहे, कॉलेजच्या विद्यार्थी विकास विभागात सत्राच्या पहिल्याच आठवड्यात नाव द्या.

१५. शैक्षणिक कर्ज काढावे का?

शिष्यवृत्तीतून जे भागत नाही तेवढ्यापुरतेच. साधारणपणे ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही आणि ७.५ लाखांपर्यंत तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असतात. परतफेड शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होते, पण व्याज पहिल्या दिवसापासून धावते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतल्या विद्यार्थ्यांना, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. आपली संस्था त्या यादीत आहे का ते आधी पाहा. शेतीवर किंवा दागिन्यांवर खासगी सावकाराचे कर्ज फीसाठी काढू नका. तशी वेळ आली असेल तर प्रश्न ११ पुन्हा वाचा, बहुधा एखादी योजना नजरेतून सुटलेली असते.

१६. सीईटीचा क्लास परवडत नाही. घरी अभ्यास करून होते का?

होते, कारण या परीक्षेची मांडणी मेहनतीला न्याय देणारी आहे. एमएचटी-सीईटी २०० गुणांची, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, सुमारे २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा. पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, म्हणजे अर्धे गुण एकट्या गणितात. बारावी बोर्डाची तयारी नीट केली की आशय बराचसा तयार असतो, कमी पडतो तो वेग. गणिताला नव्वद मिनिटांत पन्नास, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटेही नाहीत. बोर्डाचा शेवटचा पेपर ते सीईटी या काळात रोज एक सराव पेपर घड्याळ लावून, आणि तोही संगणकावर सोडवून घ्या. माउस प्रथमच हातात धरणारे मूल पहिली दहा मिनिटे त्यातच घालवते. शाळेची संगणक खोली संध्याकाळी दोन तास उघडून मिळाली तरी पुरे.

१७. विकल्प अर्जात कॉलेजांचा क्रम कसा लावायचा? टीएफडब्ल्यूएस म्हणजे काय?

क्रम मनातल्या पसंतीने लावा, ‘मिळेल की नाही’ या अंदाजाने नाही. वरचे मिळाले नाही तर यंत्रणा आपोआप खालचे पाहते, त्यात तोटा नसतो. पण पहिल्या फेरीत पहिला विकल्प मिळाला की तो घ्यावाच लागतो, म्हणून पहिल्या क्रमांकावर फक्त जिथे खरेच जायचे आहे तेच लिहा.

टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षण शुल्क माफ असलेल्या ५ टक्के जादा जागा, जात कोणतीही असो, उत्पन्न ८ लाखांच्या आत. त्यांचे विकल्प क्रमांक वेगळे असतात, शेवटी ‘टी’ असतो. तो क्रमांक न भरल्याने पात्र मुले या जागांना मुकतात. इथे प्रवेश घेतल्यावर शाखा किंवा कॉलेज बदलून मिळत नाही.

१८. आईवडील ऊसतोडीला जातात. नेमके बारावीच्या वर्षात काय करावे?

हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, आणि बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. घर रिकामे असतानाच मुलाच्या डोक्यावर सगळे येते. पालक निघण्यापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या आत, त्यांच्या सह्या, शपथपत्रे, आधारला जोडलेला चालू मोबाइल नंबर आणि पडताळणीचा अर्ज ही कामे संपवा. मूल गावात राहणार असेल तर कोणत्या घरी जेवणार हे नावानिशी ठरवा. मुलीच्या बाबतीत राहण्याची सुरक्षित सोय झाली नाही तर पालक तिला सोबत नेतात किंवा लग्नाची घाई करतात, आणि त्यात त्यांना दोष देऊन उपयोग नाही. अभ्यासाबद्दल बोलण्याआधी तिच्या राहण्याचे बोला.

१९. प्रवेश झाला. आमचे काम संपले ना?

नाही. पहिले सहा आठवडे दर आठवड्याला एक फोन करा आणि ‘कसे चालले?’ असे विचारू नका, त्याचे उत्तर ‘बरे’ एवढेच येते. विचारा: काल किती तास झाले? जेवण कुठे केलेस? प्रॅक्टिकलची जर्नल तपासून घेतलीस का? महाडीबीटीचा अर्ज कोणत्या पातळीवर आहे? पहिल्या अंतर्गत चाचणीनंतर भेट हवीच. शाळेत पहिला येणारा मुलगा इथे वीसपैकी सहा गुण पाहतो आणि आपण इथले नाहीच असे ठरवून टाकतो. वरच्या वर्गातला, त्याच्यासारख्याच घरातून आलेला कोणी त्या आठवड्यात त्याच्याशी बोलला तर तो टिकतो.

२०. एक-दोन विषय गेले. वर्ष वाया गेले का?

दहावीत एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीखाली अकरावीला प्रवेश मिळतो. बारावीला जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते. शाळा सुटून काळ लोटला असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावी बाहेरून देता येते. मधल्या वर्षांसाठी पुढे खंड प्रमाणपत्र, म्हणजे गॅप सर्टिफिकेट लागते.

२१. वडील घर सोडून गेले, कागद देत नाहीत. किंवा मूल अनाथ आहे. मग?

उत्पन्नाचे प्रमाणपत्र आईच्या नावे निघते, स्वयंघोषणेत परिस्थिती स्पष्ट लिहा. जातीचा पुरावा मात्र सहसा वडिलांकडचा मागतात, पण तो वडिलांनीच द्यायला हवा असे नाही. काका, आत्या किंवा चुलतभावाचा कागद चालतो, आणि जुन्या नोंदींची नक्कल तहसीलमधून अर्ज करून मिळते. लग्न झालेल्या मुलीची जात माहेरचीच धरतात आणि नॉन-क्रीमीलेअरला उत्पन्न आईवडिलांचे पाहतात, नवऱ्याचे नाही. अनाथ मुलांना शिक्षणात १ टक्का आरक्षण आहे, त्यासाठी महिला व बालविकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र लागते. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडण्यापूर्वीच ते हातात असू द्या.

४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव आहेत. युडीआयडी कार्ड (अपंगत्वाचे ओळखपत्र) आणि लेखनिक किंवा जादा वेळेची मागणी परीक्षेच्या अर्जातच नोंदवा. परीक्षा केंद्रावर ऐनवेळी मिळत नाही.

२२. दुसरीकडे चांगला प्रवेश लागला, पण पहिले कॉलेज मूळ दाखले देत नाही आणि फीही परत करत नाही.

मूळ प्रमाणपत्रे पडताळून विद्यार्थ्याला परत द्यायची असतात. ती अडकवून ठेवणे यूजीसी आणि एआयसीटीई या उच्च व तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थांच्या नियमांविरुद्ध आहे. केंद्रीय फेरीतला प्रवेश ठरलेल्या अंतिम तारखेपर्यंत रद्द केला तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी फी परत मिळते. रद्द करण्याचा अर्ज ऑनलाइन करा, त्याची छापील प्रत कॉलेजात देऊन तारखेसह पोच घ्या. त्या तारखेनंतर एक दिवस जरी झाला तरी फीवरचा हक्क जातो, त्यामुळे दुसऱ्या प्रवेशाची वाट पाहत असताना ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा.